किनाऱ्यावरील शेती आणि रानचीं जनावरें

गेल्या दिवाळीच्या सुमारास सभासदांकडून आलेलीं पत्रें आम्ही एकत्र वाचावयास बसलों, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. खत, बियाणें व बाजारभाव यांविषयीं त्यांत जितका मजकूर होता, त्याहून अधिक रानडुकराविषयीं व माकडाविषयीं होता. कोणाचें भात लोंबीवर आलें असतां एका रात्रींत तुडविलें गेलें. कोणाच्या वाडींतील सुरण व रताळीं उकरून खाल्लीं गेलीं. कोणाचे कोवळे नारळ माकडांनीं पाडून झाडाखालीं सडा घातला. श्रीवर्धनकडील एका वृद्ध बागाइतदारानें फार थोडक्यांत लिहिलें आहे. "यंदां वाल पेरला नाहीं. पेरून डुकरास घालण्यापेक्षां बियाण्याची उसळ करून खाल्ली." ज्यांनीं वालाचें पीक घेतलें आहे, त्यांस ह्या एका वाक्याचें वजन निराळें सांगावयास नको. भातानंतर जमिनींत उरलेल्या ओलीवर येणारें हें पीक. त्यास खर्च थोडा, पण तेंच सोडावयाची पाळी आली, तर पुढें भातही सुटणार हें उघड आहे.

ह्या पत्रांस एकेकास उत्तर देणें शक्य नसल्यामुळें, रानच्या जनावरांच्या उपद्रवाबाबत सरकारचें धोरण काय आहे, त्याचा आमच्या किनाऱ्यास उपयोग किती आणि तें कोठें तोकडें पडतें, याचा विचार येथें करीत आहों.

आमचा किनारा म्हणजे रेवस-मांडव्यापासून खालीं हरिहरेश्वरापर्यंतचा चिंचोळा पट्टा. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास डोंगर, आणि मध्यें भाताचीं खाचरें, खारजमीन व नारळी-पोफळीच्या वाड्या. रान व शेत यांच्यामध्यें कित्येक ठिकाणीं एका गडग्याचेंच अंतर आहे. मुरूड व रोहें यांच्या दरम्यानचें फणसाडचें रान हें पूर्वीं जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें राखीव रान होतें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. बिबट्या, सांबर, भेंकर, रानडुक्कर, वानर आणि झाडावरचा शेकरू अशीं जनावरें तेथें आहेत. तीं राहावीं, असेंच आम्हांस वाटतें. आमचें भांडण रानाशीं नाहीं. रानाचा खर्च एकट्या कडेच्या शेतकऱ्याच्या माथीं मारला जातो, त्याच्याशीं आहे.

अस्वल आमच्याकडे नाहीं, हें एक बरें आहे. तें विदर्भांतल्या शेतकऱ्यांच्या वांट्यास आलें आहे. मेळघाट, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली ह्या बाजूंस उन्हाळ्याच्या आरंभीं मोहाचीं फुलें पडूं लागलीं म्हणजे बायामाणसें पहांटेच्या अंधारांत तीं वेंचावयास जातात, आणि त्याच फुलांकरितां अस्वलही येतें. तेथील जखमा पाहिलेला मनुष्य आमच्या डुकराच्या तक्रारीस हंसेल. पण ज्याचें शेत त्यालाच जळ अधिक.

आतां हा उपद्रव अलीकडे का वाढला, याचा प्रामाणिकपणें विचार केला पाहिजे. "सरकारनें डुकरें आणून सोडलीं" असें म्हणणारे गृहस्थ प्रत्येक गांवीं एक-दोन असतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. घरटीं एक तरणा मुलगा मुंबईस किंवा पनवेलीकडे नोकरीस गेला. मजुरी महाग झाली. डोंगरउताराचीं वरकस शेतें प्रथम पडीक पडलीं, मग लांबचीं खाचरें पडलीं. पडीक शेतांत चार-पांच पावसाळ्यांत घाणेरी, रानमोडी व करवंदीच्या जाळ्या माजतात. डुकरास दिवसा दडावयास याहून चांगली जागा मिळत नाहीं. पूर्वीं तें डोंगरांतून उतरत असे व पहांटे परत जात असे. आतां तें शेताच्या बांधावरच बिऱ्हाड करून राहिलें आहे. डुकरीण चार महिन्यांच्या आंत विते, एका वेताला चार-सहा पिल्लें होतात, आणि पोटास भात, सुरण व नारळ असले म्हणजे त्यांतलीं बहुतेक जगतात. म्हणजे एकानें शेत सोडलें कीं शेजाऱ्याचें शेत डुकराच्या तोंडीं जातें, आणि त्यानें कंटाळून सोडलें कीं त्याच्या पलीकडच्याचें जातें. हें चक्र थांबवावयाचें तर कोणत्याही सरकारी हुकुमाआधीं पडीक रान साफ झालें पाहिजे, आणि तें ज्याचें आहे तो मालक बहुधा बोरिवलीस किंवा डोंबिवलीस राहतो.

कायद्याची हकीकत अशी आहे. आमच्या आजोबांच्या वेळीं गांवची माणसें हाकारा घालून डुक्कर मारीत व घरोघर वांटे जात. १९५१ सालीं मुंबई राज्यांत वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९७२ सालीं सर्व देशाकरितां वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. ह्या अधिनियमाचें ११ वें कलम शेतकऱ्यानें नीट समजून घ्यावें असें आहे. पहिल्या अनुसूचींतील जनावर, उदाहरणार्थ बिबट्या किंवा अस्वल, मनुष्याच्या जिवास धोकादायक झालें किंवा बरें न होण्याइतकें जायबंदी अथवा रोगी असलें तरच, आणि तेंही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकुमानें मारतां येतें. त्यापूर्वीं तें पकडतां येतें का, हें पाहावें लागतें. त्याखालच्या अनुसूचींतील जनावराच्या बाबतींत मात्र मालमत्तेची हानि हेंही कारण पुरतें, आणि मालमत्तेंत उभें पीक धरलें आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वांचविण्याकरितां सद्भावनेनें केलेली कृति गुन्हा होत नाहीं, हेंही त्याच कलमांत आहे. अंगावर आलेल्या जनावरापुढें परवानगीची वाट पाहात उभें राहावें, असें कायदा म्हणत नाहीं.

२०२२ सालीं ह्या अधिनियमांत मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. अनुसूची सहाच्या चार झाल्या. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचींत आलें. पण दक्षिणेकडचें लाल तोंडाचें माकड, जें आमच्या वाड्यांतून हिंडतें तें, पहिल्या अनुसूचींत जाऊन बसलें. केरळ सरकारनें त्याविरुद्ध दिल्लीकडे गाऱ्हाणें मांडलें आहे. आमच्या मतें तें गाऱ्हाणें रास्त आहे. ज्या माकडांचा कळप मंदिराच्या आवारांत, शाळेच्या छपरावर व आमच्या पोफळींत दिवसाढवळ्या नांदतो, त्यांस वाघाच्या पंक्तीला बसविण्याचें कारण आम्हांस कळत नाहीं.

डुकराच्या बाबतींत महाराष्ट्र सरकारनें २०१५ च्या जुलैंत रीत बरीच सोपी केली. पीक खाणाऱ्या रानडुकरास व रोह्यास मारण्याचा परवाना वनक्षेत्रपालानें द्यावा, अर्जाची पोंच द्यावी, आणि चोवीस तासांत निकाल करावा, असें ठरलें. कागदावर हें उत्तम आहे. पण आमच्या सभासदांपैकीं हा परवाना घेऊन प्रत्यक्ष डुक्कर मारलेला मनुष्य आम्ही शोधीत होतों, तो आम्हांस सांपडला नाहीं. कारणें शोधावयास लांब जावें लागत नाहीं. डुक्कर चोवीस तास एका जागीं थांबत नाहीं. मारावयाचें तर बंदूक हवी, ती चालविणारा हवा. आणि मेलेलें डुक्कर सरकारचें. त्याचा पंचनामा, त्याची विल्हेवाट, ह्या सर्व खटपटींत शेतकऱ्याचा एक दिवस जातो आणि हातीं कांहीं येत नाहीं. जुन्या हाकाऱ्यांत निदान घरोघर वांटा तरी येत असे. तो पुन्हां सुरू करा, असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या कामांत कष्ट सर्व एकाचे व लाभ सर्व गांवाचा, तें काम एकट्याच्या हातून होत नाहीं, इतकें सरकारनें ओळखावें.

बंदुकीचें प्रकरण तर निराळेंच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत पीकसंरक्षणाकरितां ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट सोय आहे, आणि कोंकणांत असे परवाने वडिलोपार्जित चालत आलेले आहेत. परंतु तरुण मनुष्य नवा परवाना मागावयास गेला म्हणजे त्याच्याकडे संशयानें पाहिलें जातें. शिवाय निवडणूक आली कीं बंदुका ठाण्यांत जमा करावयाचा हुकूम सुटतो. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असा एकामागून एक फेरा असतो, आणि भात पिकावयाच्या महिन्यांत तो आला म्हणजे बंदूक ठाण्याच्या कपाटांत व डुक्कर खाचरांत. ज्याच्यावर कसलाही गुन्हा नाहीं अशा शेतकऱ्याची पीकसंरक्षणाची बंदूक हंगामांत त्याच्याकडेच राहूं द्यावी, ही मागणी आमच्या दृष्टीनें अगदींच साधी आहे.

दुसऱ्या प्रांतांनीं काय केलें, तेंही पाहावें. केरळांत २०२२ सालीं पंचायतींच्या प्रमुखांस मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार देऊन, डुक्कर मारण्याची परवानगी गांवच्या गांवीं देण्याची व्यवस्था झाली. उत्तराखंडांत २०१६ सालीं रानडुक्कर, व त्याच वर्षीं हिमाचलांत सिमल्याकडे माकड, कांहीं मुदतीपुरतें उपद्रवी प्राणी म्हणून केंद्र सरकारनें जाहीर केलें. ह्या दुसऱ्या मार्गाविषयीं आम्ही फारसे उत्सुक नाहीं. आमच्या किनाऱ्यावर वाडी व घर वेगळें नाहीं. पोफळीच्या आड कोण फाटीं गोळा करीत आहे, हें दिसत नाहीं. तेथें परवान्यावांचून कोणीही गोळी झाडूं लागला, तर डुकरांआधीं माणसें मरतील. केरळची तऱ्हा मात्र विचार करण्याजोगी आहे. परवानगी देणारा गांवचाच असला, म्हणजे तो नुकसानीचें शेत सकाळीं डोळ्यांनीं पाहूं शकतो.

आतां भरपाईकडे वळूं, कारण बहुतेक पत्रांचा रोख तिकडेच आहे. डुक्कर, हरिण, रानगवा, रोही, माकड व हत्ती यांनीं उभ्या पिकाची नासधूस केली असतां वनखात्याकडून अर्थसाह्य मिळतें. तक्रार तीन दिवसांत नोंदवावी लागते, मग वनखातें, महसूल व शेतकी ह्यांच्या माणसांनीं मिळून पंचनामा करावयाचा असतो. तीन दिवसांची ही अट पुष्कळांस नडते. मालक मुंबईस, वांटेकरी गांवीं, आणि सातबाऱ्यावर नांव आजोबांचें. अशा स्थितींत तीन दिवस निघून जातात. एका सभासदाचा अर्ज एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत व तेथून परत पहिल्या कचेरींत असा हिंडत राहिला, तोंवर भात कापून झोडूनही झालें. पंचनाम्यास आलेल्या गृहस्थांनीं रिकामें शेत पाहून "नुकसान दिसत नाहीं" असें म्हटलें, आणि तें खोटेंही नव्हतें. म्हणून आमचें सांगणें असें कीं, नुकसान दिसतांच त्याच सकाळीं खुरांच्या ठशांसह छायाचित्र काढावें, अर्जाची पोंच घेतल्यावांचून कचेरी सोडूं नये, आणि वारसनोंदी वेळींच करून ठेवाव्या. भरपाईचें प्रमाण असें बांधलेलें आहे कीं, नुकसान जसें वाढतें तसा भरपाईचा हिस्सा घटत जातो आणि वर कमाल मर्यादा येते. त्यामुळें मोठ्या नुकसानीची खरी भरपाई कधींच होत नाहीं. तरी थोडें मिळतें तें सोडूं नये. न सोडण्याचें आणखी एक कारण आहे, तें शेवटीं सांगूं.

बागाइतीची गोष्ट याहून वाईट आहे. २०१५ च्या सुमारास फळझाडांचे जे दर ठरले, ते हत्ती व रानगवा यांनीं केलेल्या नुकसानीकरितां ठरले. हत्ती २००२ सालापासून कर्नाटकांतून सिंधुदुर्गांत उतरूं लागले, तेव्हां तिकडील बागाइतदारांचे हाल पाहून तसें करणें योग्यच होतें. पण आमच्या किनाऱ्यावर हत्ती नाहीं. आमची पोफळ डुक्कर मुळाशीं उकरतें आणि नारळ माकड वरून तोडतें. झाड तेंच, मालकाचें नुकसान तेंच; केवळ खाणाऱ्याची जात निराळी म्हणून हिशेब बदलावा, हें आम्हांस पटत नाहीं.

येथें ३ जून २०२० ची आठवण काढणें प्राप्त आहे. त्या दिवशीं 'निसर्ग' वादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळलें आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग ह्या बाजूंच्या वाड्या दुपारच्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या पन्नास-साठ वर्षांच्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. ज्यांनीं धीर धरून त्याच वर्षीं पुन्हां लागवड केली, त्यांचीं रोपें आतां कोठें उत्पन्नाच्या उंबरठ्यावर आहेत, कारण पोफळीस फळावर यावयास सहा ते आठ वर्षें लागतात. नारळाचा कोंवळा गाभा व पोफळीचीं लहान रोपें हींच डुकराच्या आवडीचीं. वादळानें पाडलेल्या वाडीचा पंचनामा साऱ्या सरकारनें केला. पुन्हां उभी राहाणारी वाडी डुकरानें रात्रींतून उपटली, तर तिच्याकडे पाहावयास कोणी येत नाहीं. आमच्या मतें ह्या नव्या लागवडीस निदान पहिलीं दहा वर्षें, जनावर कोणतेंही असो, झाडागणिक भरपाई मिळाली पाहिजे.

माकडांविषयीं सरकारनें २०२५ च्या अखेरीस पकडणाऱ्यांस दर माकडामागें ६०० रुपये, व दहांच्या पुढें त्याहून कमी, असा दर ठरवून दिला. पकडलेलें माकड लांब रानांत सोडावयाचें. कांहीं दिवस वाडी शांत होईल खरी; पण सह्याद्रीच्या ज्या घाटाखालीं तें सोडलें जाईल, तेथेंही कोणाची तरी बाग आहेच. हिमाचलांत २००७ च्या सुमारापासून माकडें धरून त्यांचें निर्बीजीकरण करण्याचा क्रम चालू आहे, आणि तेथें एक लाखाहून अधिक माकडांवर तो प्रयोग झाला. तेथेंच असेंही दिसून आलें कीं, मारण्याची परवानगी मिळाली तरी धर्मभावनेमुळें शेतकरी माकडावर हात उचलीत नाहींत. आमच्याकडेही मारुतीच्या देवळापुढें कोण गोळी झाडणार? म्हणून निर्बीजीकरण हाच मार्ग कोंकणास पत्करावा लागेल. तो खर्चाचा आहे आणि त्याचें फळ दिसावयास वर्षें जातील, हें मात्र लपवूं नये.

बिबट्याविषयीं थोडें सांगतों. जुन्नरकडे २००१ ते २००३ च्या दरम्यान मनुष्यांवर जे हल्ले झाले, त्यांचा अभ्यास विद्या अत्रेय यांनीं केला. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यानें उपद्रव कमी न होतां नव्या ठिकाणीं वाढतो, असें त्यांना आढळलें. म्हणून दिसला बिबट्या कीं पिंजरा लावा, हा आग्रह गांवकऱ्यांनीं धरूं नये. गोठ्यास दार लावणें व उकिरड्यावरचीं कुत्रीं कमी करणें अधिक उपयोगाचें. गुरूं मारलें गेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के, पण ७०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पंचनाम्याआधीं मढें हलवूं नये, एवढें लक्षांत ठेवावें. मनुष्य दगावल्यास वारसांस २५ लाख रुपये देण्याचें २०२३ सालीं ठरलें, व त्याच वर्षीं भरपाईचा स्वतंत्र कायदाही राज्याच्या विधिमंडळानें केला.

कुंपणाच्या बाबतींत दोन गोष्टी फार नेटानें सांगावयाच्या आहेत. सूर्यप्रकाशावर चालणारें जें यंत्र, ज्यास आमचे लोक 'झटका मशीन' म्हणतात, तें चांगलें आहे. २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेंत त्याकरितां किंमतीच्या ७५ टक्के, कमाल १५,००० रुपये, साह्य ठरलें होतें; आपलें गांव योजनेंत बसतें कीं नाहीं, हें वनपालाकडे विचारावें. ह्या यंत्राचा झटका क्षणभराचा असतो. जनावर भितें, मरत नाहीं. डुकराकरितां सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच असावी. उंच बांधली तर तें खालून निघून जातें. आमच्याकडे दोन अडचणी येतात. पावसाळ्यांत गवत वाढून तारेस लागतें व झटका जमिनींत मुरून जातो, म्हणून दर आठ-दहा दिवसांनीं तारेखालचें गवत कापणें भाग आहे. आणि जांभ्याच्या कातळांत उन्हाळीं ओल राहात नाहीं, त्यामुळें अर्थिंग लागत नाहीं. खड्डा करून त्यांत कोळसा व मीठ घालावें आणि अधूनमधून पाणी ओतावें.

दुसरी गोष्ट, विजेच्या खांबावरून आंकडा टाकून तारेंत सरळ वीज सोडण्याची. ही चाल कित्येक गांवीं गुपचूप चालते. आमच्या माहितीच्या एका गांवीं (नांव सांगत नाहीं) डुकराकरितां लावलेल्या अशा तारेवर शेजाऱ्याचा बैल गेला. बैलामागून त्याचा दावा धरून मालकाचा मुलगा येत होता. दावें सुंभाचें व कोरडें होतें, एवढ्यावर पोर वांचलें. दोन्ही घरें त्या दिवसापासून एकमेकांच्या दारीं जात नाहींत. तार लावणारा मनुष्य वाईट नव्हता. दोन वर्षें त्याचें भात गेलें होतें. पण अशा तारेवर मनुष्य मेला, तर तो सदोष मनुष्यवधाचा खटला आहे, आणि वीजचोरीचा गुन्हा वेगळाच. गांवठी बॉम्ब पेरणाऱ्यांसही हेंच लागू आहे.

एक विषय शेतकऱ्याचा नसून किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांचा आहे, पण त्याचा ताप शेतकऱ्यासच होतो. अमेरिकेंत काळें अस्वल पुष्कळ आहे, आणि तेथील अनेक राज्यांनीं फार वर्षांच्या अनुभवानंतर असें ठरविलें कीं, अस्वलाच्या मागें लागण्याआधीं माणसाचा कचरा बंद केला पाहिजे. अस्वलास उघडतां येणार नाहीं असे पेटारे, उघड्यावर अन्न टाकण्यास दंड, आणि खावयास घालण्यास बंदी, असे नियम त्यांनीं केले. कारण एकदां माणसाच्या अन्नाची चटक लागलेलें जनावर पुन्हां रानांत रमत नाहीं. आतां आमचें नागांव, काशीद, दिवेआगर पाहा. शनिवार-रविवारीं खानावळींचें उरलेलें अन्न ओढ्याच्या काठीं टाकलें जातें, आणि मोटारींतून उतरलेले पाहुणे हौसेनें माकडांस बिस्किटें घालतात. सोमवारीं पाहुणे जातात. माकडें व डुकरें तेथेंच राहतात, आणि त्यांची पुढली पंगत आमच्या वाडींत बसते. ग्रामपंचायतींनीं ह्या खानावळींस कचऱ्याची बंद व्यवस्था सक्तीची करावी. त्यास दिल्लीची परवानगी लागत नाहीं.

पडीक रानाचा प्रश्नही गांवानेंच सोडवावयाचा आहे. मुंबईकर मालकांस पत्रें लिहून, निदान गांवाच्या बांधालगतचीं शेतें साफ करण्याची, अथवा वालाकरितां, कलिंगडाकरितां किंवा अलिबागकडे पांढऱ्या कांद्याकरितां हंगामापुरतीं देण्याची परवानगी मागावी.  सलग वीस-पंचवीस एकरांस एकच कुंपण घातलें, तर खर्च एकेकट्याच्या कुंपणाहून पुष्कळ कमी येतो, आणि राखण पाळीपाळीनें वांटून घेतां येते.

भरपाईचा अर्ज थोड्या रुपयांकरितांही सोडूं नये असें वर म्हटलें, त्याचें कारण हें. सरकारच्या दप्तरीं जेवढे अर्ज तेवढेंच नुकसान. आमच्या किनाऱ्यावरील अर्ज थोडे, म्हणून येथील उपद्रवही थोडा, असा हिशेब वरच्या कचेरींत होतो, आणि योजना दुसऱ्या जिल्ह्यांत जातात. म्हणून संघानें एक नोंदवही उघडली आहे. सभासदांनीं गांव, गट क्रमांक, तारीख, जनावर, पीक अथवा झाडांची संख्या, अर्ज केला कीं नाहीं, व केला असल्यास पोंचेचा क्रमांक, इतकें एका कार्डावर लिहून दर महिन्याच्या पांच तारखेच्या आंत संघाच्या कचेरींत पाठवावें. नव्या पोफळीचें व नारळाचें नुकसान वेगळ्या कार्डावर लिहावें, कारण त्याचा तक्ता निराळा करून फाल्गुनांत जिल्हाधिकारी व उपवनसंरक्षक यांच्यापुढें ठेवावयाचा आहे.